बीलाच्या पुलावरून एक चाळीसची गाडी

कर्बी स्टीफन
१२ नोव्हेंबर १९९६

चि. एनिड हिस, थोरल्या भावाचा आशीर्वाद आणि सोबत एक टपली. वि. वि.

माझं अक्षर बघून दचकली असशील. तेहतीस वर्षं आपल्या घरची पत्रं माझ्या नोरानं लिहिली आणि खाली मी नुसती सही ठोकली. ती जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हा पेन आता माझ्या हातात आलंय. शुद्धलेखन तपासत बसू नकोस. लहानपणी त्याच पायी तू मला नकोशी व्हायचीस.

मुद्द्याचं बोलतो. तू इकडे ये. तुझा क्लिफ गेला तेव्हा म्हणालीस की सफरचंदांचा तोडा चालू आहे, मग बघू. नोरा गेली तेव्हाही तोडाच चालू होता. टास्मानियात सफरचंदं बारा महिने तोडतात की काय, असं मी लॉर्नाला विचारलं. ती म्हणाली, बाबा, तुमची बहीण आहे, तुम्हीच विचारा.

मी अख्खा प्रवास आखून ठेवलाय. स्वयंपाकघराच्या भिंतीवर चार मोठे कागद डकवलेत. तू तीन मेला लंडनला उतर. मी आदल्या दिवशी येऊन थांबतो. तिथून बोर्नमथ, दोन दिवस समुद्रावर, तुझ्या गुडघ्यांना खारी हवा. मग डोंगरांतून बाथला जाणारी गाडी. पुढे वेल्सच्या कडेकडेनं वर कार्लाइल, आणि कार्लाइलहून हॉइक, मेलरोझ करत एडिंबरा. एडिंबराहून इन्व्हरनेस. त्यापुढे आपल्याला हवे तिथे रूळ जात नाहीत, म्हणून आठ दिवस भाड्याची मोटार. मी चालवणार, तू नकाशा धरणार. उलटा धरलास तर थेट समुद्रात जाऊ, एवढं ध्यानात ठेव.

परतीला डार्लिंग्टनला मोटार सोपवायची आणि एक चाळीसची गाडी धरायची. बार्नार्ड कासल, स्टेनमोरचा चढ, आणि बीलाच्या पुलावरून घरी. त्या पुलाशी मी चौदा वर्षं सिग्नलची केबिन सांभाळली. ड्रायव्हरला सांगून ठेवतो की पुलावर गाडी जरा हळू घे, आमची बहीण पस्तीस वर्षांनी येतेय.

नाही म्हणू नकोस. मी बहात्तरचा झालो, तू सहासष्टची. आणखी थांबलो तर दोघांना डब्यात चढवायला माणसं लागतील.

बाकी ठीक. गाडीची वेळ पाळतात तसा लोभ पाळावास.

तुझा
विल्फ


सिग्नेट, टास्मानिया
१ डिसेंबर १९९६

ति. दादास, एनिडचा लांबूनच वाकून नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र मी शेडमध्ये उभ्यानं वाचलं, हातमोजे न काढता. मग घरी येऊन बसून वाचलं. मग क्लिफच्या फोटोला वाचून दाखवलं. येते, दादा. लिहून टाकलं बघ, आता माघार नाही.

सध्या फळांची विरळणी चालू आहे. एप्रिलअखेर तोडा संपेल, नंतर बाग शेजाऱ्यांवर सोपवून निघेन. आयुष्यात विमानात बसले नाही. आले तेव्हा सहा आठवडे बोटीत ओकत आले होते, आता म्हणे दीड दिवसात पोचवतात.

एका गोष्टीवर मात्र भांडण. मोटार मी चालवणार. तू गवळ्याची गाडी नदीत घातली होतीस ते मी विसरले नाही, आणि तो गवळीही मरेपर्यंत विसरला नसेल. मी तीस वर्षं सफरचंदांचा ट्रक चालवतेय. तू रेल्वेचा माणूस, रूळ नसले की तुला दिशा कळत नाही.

हॉबार्टला तिकिटांच्या कचेरीत जाऊन आले. तिथल्या मुलीला तुझा कागद दाखवला. तिच्या यंत्राला निम्मी स्टेशनं सापडेनात. मेलरोझ नाही, बाथची ती गाडी नाही, बीलाचं तर नावही नाही. मी म्हटलं, पोरी, माझा भाऊ रेल्वेत बेचाळीस वर्षं होता आणि तुझं यंत्र कालचं आहे. बिचारीनं कागद घडी करून परत दिला. तरी तू एकदा वेळापत्रक बघून घे.

इथल्या बायकांना मी सांगत असते, आमच्या गावाजवळ इतका उंच लोखंडी पूल आहे की खालून ढग जातात. त्या तोंडावर हो म्हणतात आणि पाठ वळली की हसतात. यंदा फोटोच काढून आणते.

लॉर्नाला माझा पापा. मी निघाले तेव्हा तिचे पुढचे दोन दात पडलेले होते.

माया आहे ती असू दे, आणि मी येईपर्यंत जरा साठव.

तुझी
एनिड


कर्बी स्टीफन
२० डिसेंबर १९९६

चि. एनिड हिस, आशीर्वाद. वि. वि.

त्या यंत्रवाल्या पोरीला माझ्याकडे पाठव. मेलरोझ नाही म्हणते! कालच मी तिथल्या मास्तरशी बोललो. नऊ पाचची गाडी वेळेवर आहे. आपल्यासाठी उजव्या बाजूच्या खिडक्या राखून ठेवतो म्हणाला.

तू येताना क्लिफलाही घेऊन ये. बागेचं काय, बाग पळून जाते का? त्याला म्हणावं, मोटार तूच चालव, म्हणजे आपल्या दोघांचं भांडण मिटेल. माझी किल्ली कुणीतरी चोरलीय. घरातलंच माणूस आहे, पण नाव घेत नाही.

नोरा नाताळच्या पुडिंगच्या मागे लागलीय, सगळ्या घरभर वास सुटलाय. तुझ्यासाठी एक बांधून ठेवते म्हणाली. मेपर्यंत टिकेल का विचारलं तर हसली.

आज केबिनवर जायला उशीर झाला, म्हणून इथेच थांबतो. एक चाळीसला सिग्नल द्यायचाय.

लोभ असावा, आहेच.

विल्फ


सिग्नेट, टास्मानिया
६ जानेवारी १९९७

चि. लॉर्ना हिस, तुझ्या लांबच्या आत्याचे आशीर्वाद. वि. वि.

दादाचं वीस तारखेचं पत्र मिळालं. तुझी आई पुडिंग करते आहे, असं त्यात लिहिलंय. आणि क्लिफला घेऊन ये असंही. क्लिफ जाऊन सात वर्षं होत आली. त्याच्या मातीच्या दिवशी दादानं मला तार केली होती, ती अजून माझ्याकडे आहे.

तिकडे काय झालंय ते मला लिही, बाळ. फोन करू नकोस. फोनवर तू सगळं ठीक आहे म्हणशील आणि मी ते ऐकून घेईन. कागदावर लिही, म्हणजे मला ते पुन्हा वाचावं लागेल.

उत्तराची वाट बघते.

तुझी
एनिड आत्या


कर्बी स्टीफन
१५ जानेवारी १९९७

ति. एनिड आत्यांस, लॉर्नाचा नमस्कार. वि. वि.

तुम्हाला शेवटचं पाहिलं तेव्हा मी सहा वर्षांची होते, त्यामुळे ‘तू’ म्हणायला जीभ रेटत नाही. तुम्ही खरं विचारलंत म्हणून खरंच लिहिते.

बाबांनी आखलेल्या प्रवासातले निम्मे रूळ आज जागेवर नाहीत. बाथची ती गाडी मी शाळेत असतानाच बंद झाली. मेलरोझची एकोणसत्तर साली. आणि बीलाची लाइन तर तुम्ही गेलात त्याच हिवाळ्यात बंद केली. पुढल्या वर्षी पूल तोडून भंगारात घातला. आईनं तुम्हाला हे कळवलं नाही, कारण बाबांनी तिला बजावलं होतं की एनिडला यातलं काही लिहायचं नाही. का, ते मला आजवर कळलं नाही.

बाबांच्या डोक्यातलं एकेक पान गळतंय, आत्या. डॉक्टरांनी दीड वर्षापूर्वीच सांगितलं. काही दिवस अगदी पहिल्यासारखे असतात, टपल्या मारतात, मग दुपारी मला विचारतात की तुम्ही कोण, आणि माझी बायको कुठंय. पहिल्यांदा मी सांगितलं की आई गेली. त्यांनी ते त्या क्षणी नव्यानं ऐकलं. पुन्हा कधी सांगितलं नाही.

सप्टेंबरात भर दुपारी ते मोटार घेऊन निघून गेले. बीलाकडच्या एका मेंढपाळाला ते पुलाच्या तुटक्या टोकाशी उभे दिसले. आणखी एक पाऊल आणि दोनशे फूट खाली नदी. त्यांनी त्याला विचारलं, एक चाळीसची अजून कशी आली नाही, डार्लिंग्टनला फोन लाव बघू. तो माणूस शहाणा. लावतो, पण फोन माझ्या घरी आहे, तेवढं चला, असं म्हणून त्यानं हाताला धरून मागे आणलं. त्या दिवसापासून मोटारीची किल्ली माझ्या कपाटात आहे. ते मला चोर म्हणतात.

रागावू नका, पण लिहितेच. तुम्हाला त्यांची गमतीची पत्रं येतात. मला ओली अंथरुणं येतात. सकाळी शाळेच्या स्वयंपाकघरात अडीचशे पोरांचं जेवण करते, आणि घरी आले की दाराला आतून कुलूप लावून किल्ली गळ्यात घालते. आई आजारी होती तेव्हा तुम्ही आला नाहीत, गेली तेव्हाही नाही. मे महिन्याच्या शेवटी बाबांना ॲपलबीच्या वृद्धाश्रमात जागा मिळतेय. मी सही केलीय.

आणि एक कबूल करायचंय. ते प्रवासाचे कागद मीच आणून दिले. आखत बसले की तीन-तीन तास शांत असतात, शीळ घालतात. तुम्ही हो म्हणाल असं मला वाटलंच नव्हतं. आजवर कधी म्हणाला नव्हतात.

येऊ नका. ते तुम्हाला ओळखतील याचा भरवसा नाही.

आपली
लॉर्ना


सिग्नेट, टास्मानिया
२७ जानेवारी १९९७

चि. लॉर्ना हिस, आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून तीन दिवस मी घराबाहेर पडले नाही. चौथ्या दिवशी शेजारीण दार वाजवून बघून गेली, जिवंत आहे की नाही ते.

तू लिहिलंस त्यातलं एक अक्षरही चुकीचं नाही. सफरचंदं हे निमित्त होतं. वडलांच्या मातीला मी आले नाही, आईच्या नाही, तुझ्या आईच्याही नाही. क्लिफचं इथे सगळं होतं आणि मला इथलं काहीच आपलं वाटत नव्हतं. एकदा तिकडे पाय ठेवला तर परत बोटीत चढणं होणार नाही, याची भीती होती. पुढे भीती गेली आणि नुसती सवय उरली. मी मनाला सांगायची, घाई कसली, पूल आहे, दादा आहे, गाडी रोज सुटते. इथे पहिल्या मोसमाची सफरचंदं तोडत होते तेव्हाच त्या लाइनीला कुलूप लागलं होतं, हे तुझ्या पत्रातून कळलं.

मी येतेय, लॉर्ना. तिकीट काढलंय, तीन मेचंच. रेल्वेसाठी नाही येत. ॲपलबीची जागा मिळेपर्यंतचे दिवस दादाला माझ्या हवाली कर. भाड्याची मोटार घेईन, जाता येईल तिथवर जाऊ, नाही जमलं तर परत फिरू. त्यानं नाही ओळखलं तर नाही ओळखलं. तू त्या दिवसांत फक्त झोप. दाराची किल्ली गळ्यातून काढ आणि झोप.

आणि मला ‘तुम्ही’ म्हणतेस ती शिक्षा मला शोभतेच, पण आता पुरे कर.

तुझी
आत्या


कर्बी स्टीफन
११ फेब्रुवारी १९९७

एनिड,

मायना राहू दे, घाईत लिहितोय. आज डोकं स्वच्छ आहे. असे दिवस आता थोडे येतात आणि सांगून येत नाहीत. तू लॉर्नाला लिहिलेलं पत्र टेबलावर होतं, ते वाचलं.

पूल नाही. मला माहीत आहे. तोडत होते तेव्हा मी सुट्ट्या टाकून रोज बघायला जायचो. गॅसच्या ज्योतीनं पाय कापायचे, मग अख्खा सांगाडा गुडघे टेकल्यासारखा खाली बसायचा. मीच नोराला सांगितलं, एनिडला कळवू नकोस. परमुलखात दिवस काढायचे तर परतीची वाट शाबूत आहे असं माणसाला वाटलं पाहिजे.

विसरलेलो असतो तेव्हा मला काही होत नाही, मजेत असतो. त्रास आजच्यासारख्या दिवशी होतो. नोरा गेली हे आज मला आठवतंय. मी लॉर्नाला चोर म्हणालो, असंही दिसतंय. आत्ता जाऊन तिची माफी मागतो, नंतर राहून जाईल.

येतेस तर ये. एकच मागणं. माझं चुकलं तर चारचौघांत चूक काढू नकोस. बेचाळीस वर्षांत माझ्या हातून एकही गाडी चुकीच्या रुळावर गेली नाही.

तुझ्यावर जीव आहे. हे कधी लिहिलं नव्हतं, कारण पत्रं नोरा लिहायची.

विल्फ


मेलरोझ
१४ मे १९९७

चि. लॉर्ना हिस, आशीर्वाद. वि. वि.

प्रवासाचा आजचा पाचवा दिवस. तू झोपतेस ना? फोनवर तुझा आवाज जरा माणसात आल्यासारखा वाटला.

कर्बी ते कार्लाइल आगगाडीचा प्रवास फार सुरेख झाला. दादा खिडकीशी बसला आणि प्रत्येक केबिनला हात करत गेला, माणूस असो नसो. डब्यातल्या बायका हसायला लागल्या तेव्हा मीही हात करू लागले. मग थोड्या वेळानं त्यांतल्या एकीनंही हात केला.

कार्लाइलला मोटार घेतली. पहिल्या दिवशी त्यानं मला नावानं हाक मारली, दोनदा. गवळ्याच्या गाडीची गोष्ट स्वतः सांगितली आणि चूक गवळ्याचीच होती असं ठरवून टाकलं. मला वाटलं, लॉर्नानं उगीच घाबरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं विचारलं की बाई, तुम्ही कंपनीच्या ड्रायव्हर का? मी हो म्हटलं. तेव्हापासून मी ड्रायव्हर आहे. सीट स्वच्छ ठेवता, असं प्रशस्तिपत्रक मिळालंय.

काल इथलं जुनं स्टेशन पाहिलं. इमारत शाबूत आहे, फलाटही आहे. खालचे रूळ गेले आणि तिथून मोटारींचा रस्ता जातो. दादा फलाटावर ताठ उभा राहिला, घड्याळ काढलं आणि म्हणाला की नऊ पाचची येईल आता. मी त्याच्याजवळ बसले. दोन तास बसलो, लॉर्ना. त्यानं मला सांगितलं की टास्मानियाहून बहीण यायची आहे, याच गाडीनं. ती कशी आहे विचारलं, तर म्हणाला की हट्टी आहे, पण हसली की घर उजळतं. मी म्हणावं की मीच ती, म्हणून तोंड उघडलं. त्यानं माझ्याकडे इतक्या सभ्यपणे बघितलं, लॉर्ना, की मला ते म्हणता आलं नाही.

अकरा वाजता त्याला काहीतरी उमगलं. खाली रस्त्याकडे बघितलं आणि विचारलं, रूळ कुणी नेले? पुन्हा पुन्हा तेच, मोठमोठ्यानं. येणारेजाणारे थांबले. शेवटी माझ्या दंडाला धरून ओरडला की तुम्ही नेले, तुम्हाला माहीत होतं. दंड अजून दुखतोय, पण ते त्याला सांगू नकोस. मग रडला, आणि मोटारीत बसल्यावर दहा मिनिटांत सगळं विसरून भूक लागली म्हणाला. मटणाचा रस्सा दोन वाट्या खाल्ला. त्यातली एक माझी होती.

एडिंबरा, इन्व्हरनेस आता नको. उद्या आम्ही परत निघतो, वाटेत एक मुक्काम करून. तुझी झोप मोडतेय. तू हे दोन वर्षं रोज एकटीनं केलंस. त्यावर मी काय लिहू?

तुझ्यावर माझी माया आहे, उशिरा आलेली, पण आहे.

तुझी
आत्या


ॲपलबी
२९ मे १९९७

चि. एनिड हिस, तुझ्या दादाचा आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र मी एका बाईंकडून लिहवून घेतोय. माझा हात हल्ली थरथरतो. त्या बाई भल्या आहेत, हो म्हणाल्या.

मी सध्या ॲपलबीला एका हॉटेलात उतरलोय. जेवण बेताचंच, पण चहा वेळेवर येतो. लॉर्ना नावाची एक मुलगी रोज येऊन बसते. फार कष्टाळू पोर. तिला कुणी चोर म्हणालं होतं, मी त्याला झापलं.

आपला प्रवास यंदा झाला नाही, रागावू नकोस. मी स्टेशनवर आलो होतो. बराच वेळ थांबलो. गाडी आली नाही की तू उतरली नाहीस, ते आता नीट आठवत नाही. पण मी आलो होतो, एवढं तुला कळलं पाहिजे.

या बाईंनी मला मोटारीतून हिंडवलं. गाडी छान चालवतात. बोलतात मात्र फार. हे त्यांनी लिहिलं की गाळलं, ते लॉर्नाकडून वाचून घेतलं पाहिजे.

एक काळजी आहे. त्या खिडकीकडे तोंड करून रडतात. मला दिसत नाही असं त्यांना वाटतं. घरचं कुणीतरी गेलेलं दिसतंय. विचारावंसं वाटतं, पण परक्या बाईला कसं विचारायचं? मन रमावं म्हणून मी त्यांना तुझ्याबद्दल सांगितलं, की माझीही एक बहीण लांब आहे. तर जास्तच रडल्या. आत्ताही लिहिताना थांबल्या आहेत.

तू त्यांना दोन ओळी लिही. तुला असं लिहिता येतं.

तब्येतीला जप. माझा जीव तुझ्यापाशी आहे, तो तिथेच असू दे.

तुझा
विल्फ

(विल्फ टीसडेल यांनी सांगितले तसे लिहिले.)


सिग्नेट, टास्मानिया
१९ जून १९९७

चि. लॉर्ना हिस, आशीर्वाद. वि. वि.

त्या दिवशी दादाच्या डोळ्यांदेखत ते पत्र पेटीत टाकावंच लागलं. ते माझ्या मागोमाग काल इथे आलं. पाकिटावर माझंच अक्षर. तरी पोस्टमनच्या हातातून घेताना वाटलं, दादाचं पत्र आलं. बसून वाचलं.

खालचं उत्तर त्याला वाचून दाखव. तो ऐकेल तितकंच वाच, दमला तर थांब. आणि तू मागाहून चिठ्ठीत पाठवलेल्या ओळीत मला ‘तू’ म्हणालीस, ते मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

ति. दादास, एनिडचा नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तू स्टेशनवर आला होतास हे कळलं. चूक माझी, दादा. मी फार गाड्या चुकवल्या. तू थांबलास, यातच मला सगळं मिळालं.

त्या बाईंनी ते वाक्य गाळलं नाही, लिहिलंय. म्हणजे बाई सरळ दिसतात.

तुला त्यांची काळजी वाटते म्हणून मी चौकशी केली. त्यांच्या घरचं कुणी गेलेलं नाही. त्यांना एक भाऊ आहे, थोरला. त्याची तब्येत बरी नसते, पण तो आहे. पुढच्या वर्षी मेमध्ये त्या पुन्हा ॲपलबीला येणार आहेत असं ऐकते. आल्या तर विचार त्यांना, का रडता म्हणून. परक्या बाईला असं विचारलेलं चालतं. त्यांना बरं वाटेल.

चहा घेत जा. लॉर्नाचा हात धरून बस.

तुझा लोभ तू हवा त्याच्या नावावर कर, दादा. तो मला पोचतो.

तुझी
एनिड